तारेतून वीज, हवेतून हिशेब

१२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीचा दिवस. उत्तर प्रदेशात घरोघरी उपवास होता, कृष्णजन्माची तयारी चालू होती. अशा वेळी लखनौसह राज्यातल्या अनेक शहरांत घरांची वीज गेली. वादळ नव्हतं, फीडर ट्रिप झाला नव्हता, रोहित्रही जळालं नव्हतं. खांबापर्यंत वीज येत होती आणि जुन्या मीटरची घरं चालू होती. बंद पडली ती फक्त स्मार्ट मीटरची घरं, सुमारे दीड लाख. मीटर चालवणाऱ्या संगणक प्रणालीतून वीज तोडण्याची चुकीची आज्ञा सुटली होती आणि मीटरांनी ती तंतोतंत पाळली होती.

लाईट गेली की आपण वायरमनला फोन करतो. तो येतो, फ्यूज बघतो, खांबावर चढतो. त्या संध्याकाळी खांबावर चढून काहीच साधण्यासारखं नव्हतं, कारण दोष तारेत नव्हता, आज्ञेत होता. पुढे चौकशी लागली आणि राज्य सरकारने नवे स्मार्ट मीटर बसवणं थांबवलं.

स्मार्ट मीटरबद्दल आपल्याकडे बहुतेक बोलणं ‘बिल वाढतं की नाही’ याच प्रश्नापाशी येऊन थांबतं. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर पुढे देतो. पण जन्माष्टमीच्या घटनेनं त्याहून मोठी गोष्ट उघड केली. घराच्या भिंतीवरची पेटी आता एकटी राहिलेली नाही. ती एका जाळ्याचा भाग आहे, आणि त्या जाळ्याचं दुसरं टोक ज्याच्या हाती आहे, त्याला दुरून आपला वापर वाचता येतो, नियम बदलता येतात, वीज तोडता येते. म्हणून हे जाळं कसं चालतं ते प्रत्येक वीजग्राहकाला माहीत असायला हवं.

जस्ताच्या पट्टीपासून फिरत्या चकतीपर्यंत

१८८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एडिसनने घरोघरी वीज विकायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या मीटरमध्ये द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या असत. वीज वाहिली की एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर बसे. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या घेऊन जाई, त्यांचं वजन करी आणि त्यावरून बिल निघे. आपण किती वीज वापरली, हे ग्राहकाला स्वतः बघण्याचा मार्ग नव्हता. कंपनीचा तराजू सांगेल तो आकडा.

१८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातले अभियंते ओत्तो ब्लाथी यांनी फिरत्या चकतीच्या मीटरचं पेटंट घेतलं. दोन चुंबकीय क्षेत्रांच्या मध्ये धातूची चकती फिरते; वापर जास्त तर वेग जास्त. चकतीला जोडलेले आकडे पुढे सरकतात. पुढची शंभर वर्षं जगभर याच तत्त्वाचे मीटर भिंतींवर राहिले. त्यांचा मोठा गुण असा की कंपनी आणि ग्राहक दोघं एकाच काचेतून एकच आकडा वाचत. इस्त्री लावली की चकती जोरात फिरते, हे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नंतर चकती गेली, इलेक्ट्रॉनिक मीटर आले. पण आकडा घराबाहेर नेण्याची पद्धत तीच राहिली. महिन्यातून एकदा माणूस यायचा, रीडिंग घ्यायचा. महाराष्ट्रात महावितरणने मीटरचा फोटो बिलावर छापायला सुरुवात केली ती या पद्धतीवर विश्वास बसावा म्हणूनच. तरी घराला कुलूप असलं, मीटर अडचणीत असला किंवा रीडिंग घेणारा आलाच नाही, की सरासरी बिल यायचं. दोन-तीन महिने सरासरी आणि मग एकदम थकलेल्या युनिटांचा डोंगर. वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात खिडकीपुढची निम्मी गर्दी या एका कारणाची असायची.

वीज कंपनीच्या बाजूने दुखणं याहून खोल होतं. ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली, ती भारनियमनाच्या दिवसांत. कोणत्या भागात किती तास वीज बंद ठेवायची हे ठरवायला गळती आणि वसुलीनुसार भागांचे गट पाडले गेले: ए, बी, सी आणि पुढे. गळती जास्त तर अंधार जास्त. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात परिस्थिती इतकी बिघडली होती की जानेवारी २००७ पासून तिथलं वितरण खासगी फ्रँचायझीकडे दिलं गेलं. या गटवारीत एक अन्याय दडलेला होता. हिशेब भागाचा होता आणि शिक्षाही भागाला होती. वेळेवर बिल भरणारा माणूस शेजाऱ्याने चोरून तारेवर टाकलेल्या आकड्यापायी अंधारात बसत होता. नेमकी कोणत्या तारेवर, कोणत्या तासाला वीज हरवते, ते सांगणारी यंत्रणाच नव्हती. स्मार्ट मीटरच्या जाळ्याचं मूळ आश्वासन ही उणीव भरून काढण्याचं आहे.

मीटरच्या पोटात

भारतातल्या एकेरी फेजच्या स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे मानक आहे. या मीटरच्या आत चार-पाच महत्त्वाचे भाग असतात. पहिला, प्रवाह आणि दाब मोजणारे सेन्सर. फेजच्या तारेतला प्रवाह वेगळा मोजला जातो, न्यूट्रलमधला वेगळा. दुसरा, या मोजमापांचा गुणाकार सतत करत राहणारी चिप. तिसरा, घड्याळ आणि स्मृती. दर अर्ध्या तासाला (काही मीटरांत पंधरा मिनिटांना) किती वीज वापरली गेली, दाब किती होता, याची नोंद ठेवली जाते. अर्ध्या तासाच्या हिशेबाने दिवसाच्या ४८ नोंदी होतात. चौथा, रिले: दुरून आलेल्या आज्ञेवर वीज तोडणारा आणि जोडणारा स्विच. आणि पाचवा, बाहेरच्या जगाशी बोलणारं मोडेम.

याशिवाय मीटर घडामोडींची वही ठेवतो. झाकण उघडलं, चुंबक जवळ आणला, न्यूट्रल तोडली, दाब घसरला, वीज गेली, वीज आली: प्रत्येक नोंद तारीख-वेळेसह. वीजचोरी पकडणाऱ्या पथकाला या वहीत रस असतो. पण दाब कधी घसरला आणि वीज किती वेळ गेली, याही नोंदी त्याच वहीत आहेत. त्या कोणाच्या कामाच्या, हा या लेखाचा शेवटचा मुद्दा आहे.

गल्ली ओलांडताना

मीटरमधला आकडा कंपनीच्या संगणकापर्यंत नेण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग रेडिओ जाळ्याचा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं परवान्याशिवाय चालवता येतात. मीटर याच पट्ट्यात बोलतात. एका मीटरचा आवाज फार दूर जात नाही, म्हणून तो शेजारच्या मीटरला निरोप देतो, तो पुढच्याला. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पुढे सरकवाव्यात, तसे निरोप हातोहात सरकत खांबावरच्या गेटवेपर्यंत पोचतात. मधला एक मीटर बंद पडला तर निरोप आपली वाट बदलतो. दाट वस्तीत हे जाळं उत्तम चालतं, कारण जितके मीटर जास्त तितक्या वाटा जास्त. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांत, जिथे दोन घरांमध्ये डोंगराचा उतार आणि फणसाची झाडी असते, तिथे हीच साखळी तुटते.

दुसरा मार्ग मोबाईलच्या जाळ्याचा. प्रत्येक मीटरमध्ये सिम, आणि मीटर थेट टॉवरशी बोलतो. अशा यंत्रांच्या सिमसाठी भारतात तेरा आकडी क्रमांकांची वेगळी व्यवस्था केली आहे. मधली साखळी लागत नाही, गेटवे बसवावे लागत नाहीत, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. पण सोसायटीच्या तळघरातल्या मीटरखोलीत फोनला रेंज नसते, तशी मीटरलाही नसते. आणि मोठ्या वादळात वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते. म्हणजे नेमक्या ज्या दिवशी मीटरकडून बातमी हवी, त्याच दिवशी तो मुका होण्याची भीती असते.

तिसरा मार्ग विजेच्या तारेचाच. ज्या तारेतून वीज येते तिच्यावरच संदेश स्वार करून रोहित्रापर्यंत न्यायचा. इटलीत एनेल कंपनीने २००१ पासून पाच-सहा वर्षांत तीन कोटी मीटर याच पद्धतीने जोडले. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा तो जगातला पहिला प्रयोग. आपल्याकडे तारांना इतके सांधे, इतक्या तात्पुरत्या जोडण्या असतात की तारेवर गोंगाट फार होतो, म्हणून हा मार्ग फारसा रुजला नाही.

कोणत्याही मार्गाने आलेले निरोप ‘हेड एंड’ प्रणालीत पोचतात. ही जाळ्याची वेस. कोणता मीटर बोलला, कोणता गप्प आहे, हे तिला कळतं. मीटरला जाणारी प्रत्येक आज्ञा इथूनच सुटते. मीटर आणि हेड एंड यांची भाषा डीएलएमएस या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेली आहे, जेणेकरून एका कंपनीचा मीटर दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीशी बोलू शकेल. या भाषेत किल्ल्या वेगवेगळ्या असतात: फक्त वाचणाऱ्याची किल्ली निराळी आणि मीटरमधली मांडणी बदलणाऱ्याची निराळी. संदेश सांकेतिक रूपात जातात. रचना नीट पाळली तर रस्त्यात कोणी आकडा वाचू शकत नाही, बदलूही शकत नाही.

पण कुलूप कितीही पक्कं असलं तरी किल्लीवाल्याच्या हातून झालेली चूक ते रोखू शकत नाही. जन्माष्टमीची आज्ञा अधिकृत दारातूनच बाहेर पडली होती. यातून निघणारा धडा साधा आहे. एका वेळी किती घरांची वीज तोडता येईल यावर प्रणालीतच मर्यादा हवी, आणि त्या मर्यादेपलीकडच्या आज्ञेला दुसऱ्या जबाबदार माणसाची संमती लागायला हवी.

हेड एंडमधून आकडे ‘मीटर डेटा मॅनेजमेंट’ या दुसऱ्या प्रणालीत जातात. महाराष्ट्रात ठरल्याप्रमाणे सव्वादोन कोटी मीटर लागले आणि प्रत्येकाने दिवसाला ४८ नोंदी पाठवल्या, तर रोजच्या नोंदी १०८ कोटी होतात. यातल्या काही उशिरा येतात, काही येतच नाहीत, काहींत घड्याळ चुकलेलं असतं. ही प्रणाली नोंदी तपासते, विसंगत असतील त्या बाजूला काढते आणि गाळलेल्या जागी अंदाजाचा आकडा भरते. अंदाजाचा आकडा ही जुन्या सरासरी बिलाचीच नवी आवृत्ती आहे. तो टाळता येत नाही, पण बिलात किंवा ॲपवर ‘ही नोंद अंदाजित आहे’ असं ग्राहकाला स्पष्ट दिसलं पाहिजे.

या जाळ्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे मीटरचा शेवटचा निरोप. वीज गेली की मीटरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये थोडीशी ऊर्जा शिल्लक राहते. तेवढ्यात तो एक छोटा संदेश पाठवतो: माझ्याकडे वीज नाही. हजारो मीटर एकाच क्षणी ओरडले तर कोणाचंच ऐकू येणार नाही, म्हणून प्रत्येक मीटर थोडा वेगवेगळा वेळ थांबून बोलतो. सगळे निरोप पोचत नाहीत आणि पोचायची गरजही नसते. एकाच डीपीखालचे, म्हणजे एकाच रोहित्रावरचे, दहा-बारा मीटर एकदम गेले, तर दोष डीपीवर आहे हे कळायला तेवढे पुरतात. कोणी फोन करायच्या आत वायरमन शिडी घेऊन निघू शकतो.

डीपीचा ताळेबंद

वीज कंपनीच्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ डीपीच्या ताळेबंदात आहे. समजा एका डीपीवर ८० घरं आहेत. डीपीच्या मीटरने दिवसभरात ६०० युनिट दिल्याचं दाखवलं आणि ८० घरांची बेरीज ५१० भरली. ९० युनिट कुठे गेली? काही तारांच्या उष्णतेत जाणारच. पण तफावत रोज रात्री अकरानंतरच वाढत असेल, तर एसी किंवा शेगडीसाठी कोणी आकडा टाकतं आहे. तफावत दिवसभर सारखी असेल, तर एखादा मीटर बंद पडला आहे किंवा एखादी जोडणी नोंदीतच नाही. पूर्वी जी शंका अख्ख्या गावावर घेतली जायची, ती आता एका गल्लीपर्यंत आणता येते.

मात्र हा ताळेबंद जमायला एक कष्टाचं काम आधी करावं लागतं: कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे याची खरी यादी. कागदावर ही यादी असते. प्रत्यक्षात पावसाळ्यात एक डीपी जळाली की वायरमन रातोरात चार घरं शेजारच्या डीपीवर टाकतो, लोकांची सोय होते आणि नोंद राहून जाते. अशा शंभर सोयी साठल्या की ताळेबंद खोटा ठरतो आणि निष्पाप घरांवर चोरीचा संशय येतो. मीटरमधल्या दाबाच्या नोंदी इथे कामाला येतात. एकाच डीपीवरच्या, एकाच फेजवरच्या घरांचा दाब एकत्र चढतो आणि एकत्र उतरतो. त्या चढउतारावरून कोण कोणाच्या सोबत आहे हे ओळखता येतं. पण शेवटी खांब ते खांब पायी फिरून यादी तपासणारा माणूस लागतोच.

शेतीचा प्रश्न याला लागूनच येतो. स्मार्ट मीटर बसवण्याच्या सरकारी योजनेतून शेतीपंप वगळले आहेत. महाराष्ट्रातल्या लाखो पंपांना मीटर नाहीत. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. हा अंदाज फुगवून बाकीची गळती त्यात झाकली जाते का, हा वाद वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं चालत आला आहे. फीडरवर आणि डीपीवर चालू स्थितीतला, जाळ्याला जोडलेला मीटर असला, तर प्रत्येक पंपाला मीटर नसतानाही या वादाला खऱ्या आकड्यांचा आधार मिळेल. शेतकऱ्यावर ढकललेलं ओझं उतरवायचं असेल, तर सुरुवात इथून व्हायला हवी.

पैसा कोणाचा

केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी ३ लाख ३ हजार ७५८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर हे तिचं एक मोठं अंग. पद्धत अशी की वीज कंपनीने मीटर विकत घ्यायचे नाहीत. खासगी कंपनी स्वतःचा पैसा घालून मीटर, संपर्कजाळं आणि संगणक प्रणाली उभारते, वर्षानुवर्षं चालवते आणि दरमहा दरमीटर ठरलेली रक्कम घेते. सर्वसाधारण राज्यांना केंद्राचं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये.

महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कामं सहा भागांत चार कंपन्यांना दिली. एकूण रक्कम २७ हजार कोटींच्या जवळ. म्हणजे देखभाल आणि यंत्रणेसकट मीटरमागे साधारण १२ हजार रुपये. वीजग्राहकांचे कार्यकर्ते प्रताप होगाडे यांच्यासह अनेकांनी हाच आकडा पुढे करून विचारलं, की अनुदान वजा जाता उरलेला पैसा अखेर दरवाढीतूनच निघणार ना? कंपनीचं उत्तर असं, की गळती कमी होऊन आणि वसुली सुधारून तो निघेल. दोन्ही बाजूंना कसोटी एकच आहे. करार सुरू होण्याआधीची गळती आणि नंतरची गळती, उपविभागनिहाय, दरवर्षी जाहीर व्हायला हवी. गळती खरोखर घटली तर मीटरचा खर्च भरून निघाला हे लोक आनंदाने मान्य करतील. घटली नाही, तर तो खर्च ग्राहकाच्या दरात टाकण्याचा नैतिक अधिकार कोणालाच नाही.

विरोध सर्वांत तीव्र झाला तो प्रीपेडला. आधी पैसे, मग वीज. शिल्लक संपली की रिले आपोआप उघडणार. बिहारने अशा मीटरांची सुरुवात इतरांच्या आधी मोठ्या प्रमाणावर केली. गुजरातमध्ये मे २०२४ मध्ये वडोदऱ्याचे लोक रस्त्यावर आले, तेव्हा तिथल्या कंपनीला काम थांबवून शंका निरसनासाठी जुना मीटर सोबत लावून दाखवण्याचा मार्ग घ्यावा लागला. महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत असं जाहीर केलं. त्यानंतर जे लागत आहेत ते पोस्टपेड, ‘टीओडी मीटर’ या नावाने.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. विद्युत कायदा २००३च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरासाठी ते पंधरा दिवस म्हणजे उसनंपासनं करून पैसे उभे करायची मुदत. प्रीपेडमध्ये ती मुदत उरत नाही. दुसरीकडे, कलम ४७ प्रमाणे प्रीपेड घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, आणि अनेक भाडेकरूंना हे सोयीचं वाटू शकतं. म्हणून प्रीपेड ही ग्राहकाने निवडण्याची गोष्ट असावी, त्याच्यावर लादण्याची नव्हे.

टीओडी म्हणजे वेळेनुसार दर. दुपारी सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, संध्याकाळी मागणी चढते तेव्हा महागाची वीज आणावी लागते. हा फरक ग्राहकापर्यंत पोचवायचा तर वापर कोणत्या तासाला झाला हे मीटरला माहीत हवं. जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली. दुपारी घरी माणूस असेल, कपडे धुण्याचं मशीन, पाण्याची मोटर, गिझर तेव्हा लावता येत असेल, तर हा लाभ खरा आहे. नवरा-बायको दोघंही सकाळी लोकल पकडून रात्री परतणाऱ्या घराला तो फारसा मिळणार नाही.

‘मीटर पळतंय’

नवा मीटर लागल्यावर बिल वाढल्याची तक्रार खोटी समजून उडवून लावणं हा वीज कंपनीच्या माणसांचा मोठा दोष आहे. बिल खरोखर वाढू शकतं, आणि त्याची कारणं सांगता येतात.

जुना चकतीचा मीटर घासून मंद झालेला असू शकतो. नवा अचूक मोजतो आणि फरक दिसतो. जुनी सरासरीची थकबाकी मीटर बदलताना एकदम बिलात येऊ शकते. मीटर कडक उन्हाळ्याच्या तोंडावर बदलला तर वाढलेल्या वापराचा दोषही त्याच्याच माथी येतो. आणि एक कारण चाळी आणि जुन्या इमारतींत विशेष आढळतं. मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजतो, आणि दोन्हींत तफावत आढळली तर जास्त असलेला प्रवाह धरतो. चोरी रोखण्यासाठी हा नियम आहे. पण जुन्या वायरिंगमध्ये दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेली असली, तर शेजाऱ्याच्या वापराचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो आणि तुमच्या नावावर चढतो. मीटर तपासणीत निर्दोष ठरतो आणि बिल मात्र चुकतं. याचा इलाज प्रयोगशाळेत नाही. इलेक्ट्रिशियनने येऊन न्यूट्रल वेगळी करण्यात आहे. घरातली सर्व उपकरणं बंद करूनही मीटरचा दिवा लुकलुकत राहिला, तर ही शंका जरूर घ्यावी.

तपासणी घरीही करता येते. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती लुकलुक होतात ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. बाकी सगळं बंद करून फक्त १००० वॉटची इस्त्री किंवा हीटर लावला, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. इस्त्री मधूनमधून आपोआप बंद होते, म्हणून ती तापत असतानाच मोजावं. शिवाय दाब कमी-जास्त असला तर थोडा फरक पडतो. पण मीटर दुपटीने पळत असेल तर ते एका मिनिटात लपणार नाही. शंका राहिली तर मीटर तपासणीचा अर्ज, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यापुढे मुंबई आणि नागपूर इथले विद्युत लोकपाल, ही वाट मोकळी आहे.

घरातली चाहूल

अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी घराबद्दल बरंच सांगतात: घरचे किती वाजता उठतात, दुपारी घर रिकामं असतं का, गावी कधी गेले. त्याहून बारीक नोंद मिळाली तर उपकरणंही ओळखता येतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकात यावर काम केलं आणि १९९२ मध्ये विस्तृत निबंध प्रसिद्ध केला: घराच्या एकाच मीटरवरून फ्रिज केव्हा चालू झाला, हीटर केव्हा बंद झाला, हे वेगळं काढता येतं. खासगीपणाच्या चिंतेपोटी नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचा प्रस्ताव अडवला, आणि तिथे पुढे ग्राहकाला नकाराचा अधिकार मिळाला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे आणि २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. मीटर चालवणाऱ्या खासगी कंपनीकडे कोट्यवधी घरांच्या सवयींचा साठा जमणार असेल, तर तो बिल आणि गळती यांखेरीज कशासाठीही वापरता येणार नाही, ही अट करारात असली पाहिजे आणि लोकांना वाचता आली पाहिजे.

दोन्ही बाजूंनी मोजा

एडिसनच्या मीटरमध्ये आकडा फक्त कंपनीला कळे. चकतीने तो दोघांपुढे उघडा केला. स्मार्ट मीटर यांपैकी कोणत्या दिशेने जाणार, हे यंत्रावर अवलंबून नाही. आपण काय मागतो यावर आहे.

मीटरची वही दोन्ही बाजूंचं लिहिते. तुम्ही किती युनिट वापरली हे तिच्यात आहे, तसं तुमच्या घरी महिनाभरात किती वेळा आणि किती मिनिटं वीज नव्हती हेही आहे. २३० व्होल्टच्या जागी संध्याकाळी १८० मिळत होते का, मोटर जळाली त्या रात्री दाब किती चढला होता, हेही आहे. आजवर ग्राहक तोंडी तक्रार करायचा आणि कंपनी म्हणायची की आमच्या नोंदीत तसं काही नाही. आता नोंद आहे, आणि ती कंपनीच्याच मीटरने केलेली आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियम २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की सेवेच्या ज्या निकषांवर दुरून देखरेख ठेवता येते, त्यांत कंपनी कमी पडली तर भरपाई आपोआप मिळाली पाहिजे. अर्ज नाही, खेटे नाहीत. हा नियम झाला तेव्हा घराघरावर दुरून देखरेख ठेवणारी यंत्रणाच नव्हती. सव्वादोन कोटी मीटर लागल्यावर ती सबब उरणार नाही.

म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात. प्रत्येक बिलावर युनिटांच्या शेजारी त्या महिन्यातल्या खंडित विजेची मिनिटं आणि कमी-जास्त दाबाचे तास छापा. मर्यादा ओलांडली असेल तर भरपाई त्याच बिलातून वजा करा. आणि डीपीनिहाय गळती व खंडित वीज यांचे आकडे, कोणत्याही घराची ओळख न देता, सर्वांना पाहता येतील असे उघडे ठेवा, म्हणजे गावाला आपल्या डीपीचा ताळेबंद ग्रामसभेत मांडता येईल.

यासाठी नवा मीटर लागत नाही, नवं जाळंही लागत नाही. माहिती आधीच गोळा होते आहे आणि तिचा खर्च आपणच देतो आहोत. थकबाकीसाठी एका आज्ञेत वीज तोडू शकणारी यंत्रणा, वीज न दिल्याबद्दल एका नोंदीत भरपाईही देऊ शकते. वीज नियामक आयोगाच्या पुढच्या दरसुनावणीत हजर राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने, प्रत्येक सोसायटीने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने ही मागणी लेखी द्यावी. मीटर आपल्या भिंतीवर आहे. त्याने आपल्याही बाजूने साक्ष द्यावी, एवढं मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.